शेल्टर काढू का? आधी गल्लीचं बघू

ताई, तुमचा प्रश्न मला कळला तो असा. तुम्ही राजारामपुरीत राहता, नोकरी करता आणि रोज रात्री गल्लीतल्या सात-आठ कुत्र्यांना खायला घालता. त्यातल्या एका कुत्रीला पिल्लं झालीत. एका कुत्र्याच्या कानामागे जखम आहे, जवळ गेलं की वास येतो. शेजारचे काका रोज भांडतात आणि परवा तर ‘विष घालून मोकळा होतो’ म्हणाले. या सगळ्याला वैतागून तुम्ही विचारताय, की नोकरी सोडून गावाबाहेर जागा घ्यावी आणि शेल्टर काढावं का.

मी कोल्हापुरात बरीच वर्षं रेस्क्यू करतोय, तेव्हा सरळच सांगतो. तुमचा खरा प्रश्न काका आहेत. उद्या तुम्ही आठही कुत्री उचलून शेल्टरमध्ये नेलीत तरी काका राजारामपुरीतच राहणार, आणि गल्लीही तीच राहणार. कोपऱ्यावरच्या चिकनवाल्याचा कचरा, पार्किंगचा आडोसा, हॉटेलचं उरलेलं अन्न हे सगळं जिथल्या तिथे. सहा महिन्यांत शेजारच्या गल्लीतली कुत्री तिथे येतील. ती तुम्हाला ओळखणार नाहीत, त्यांची नसबंदी झालेली नसेल, लस टोचलेली नसेल. तेव्हा काका म्हणतील ते बरोबर असेल.

पण शेल्टरचं नंतर. आधी जखमेचं, कारण ती थांबणार नाही. वास येतोय म्हणजे बहुतेक अळ्या पडल्यात. उघड्या जखमेवर माशी अंडी घालते आणि एक-दोन दिवसांत अळ्या आत मांस खात जातात. कानामागची जखम वाईट, कारण कुत्र्याची जीभ तिथे पोचत नाही. तो डोकं झटकत असेल, अंधारात किंवा गाडीखाली जाऊन बसत असेल, तर वेळ कमी आहे असं धरा. फिनेल, रॉकेल, चुना यातलं काहीही ओतू नका. लोक प्रेमाने ओततात, कुत्रा वेदनेने पळतो आणि पुन्हा आठवडाभर हाती लागत नाही.

धरायचं सकाळी, उपाशीपोटी. आदल्या रात्रीचं जेवण त्याला घालू नका. बरोबर एक माणूस घ्या, जास्त नको. गर्दी जमली की कुत्रा बिथरतो आणि मग चावतो, तो चावरा असतो म्हणून नव्हे. उकडलेल्या चिकनचा तुकडा तुमच्या पायाशी टाका, खाली बसा, डोळ्यांत बघू नका. तो खायला लागला की मागून जुनी चादर डोक्यावरून टाका. डोळे झाकले गेले की निम्मा जोर जातो. मग बँडेजच्या पट्टीचा सैल फास नाकाडावर, गाठ जबड्याखाली आणि दोन्ही टोकं कानांमागे नेऊन बांधायची. हे घरी उशीवर चार वेळा करून बघा, हसू येईल पण करा. रिक्षावाल्याला आधीच सांगून ठेवा, नाहीतर ऐनवेळी तो ‘सीट खराब होतीय’ म्हणून निघून जातो. डॉक्टर चिमट्याने अळ्या काढतात, स्प्रे मारतात, इंजेक्शन देतात. पुढे काही दिवस ड्रेसिंग लागतं. मेडिकलवाल्याला विचारून स्वतः गोळ्या देऊ नका. आयव्हरमेक्टिनचा (अळ्या-गोचिडांवरचं औषध) डोस वजनावर ठरतो आणि लहान पिल्लांना तो जिवावर बेततो. माणसाची पॅरासिटामॉल तर मांजराला सरळ मारते, कुत्र्यालाही बाधते.

आता एक गोष्ट, जी आमच्याकडे येणाऱ्या प्रत्येक पोराला मी पहिल्या दिवशी विचारतो: उचलतोयस, पण परत कुठे सोडणार? उचलणं सोपं असतं. हात शिवशिवतात, व्हिडिओ छान होतो, बघणारे शाबासकी देतात. पण आठ-दहा दिवसांनी जखम भरते, कुत्रा उड्या मारायला लागतो आणि तेव्हा त्याला जायला जागा नसते, कारण मधल्या काळात त्याच्या गल्लीशी कुणी बोललेलंच नसतं. ‘नेलाय ना, आता परत आणू नका’ हे वाक्य मी कोल्हापुरातल्या जवळपास प्रत्येक पेठेत ऐकलंय. म्हणून मी कुत्रा गाडीत घालण्याआधी तिथल्या दोन घरांची बेल वाजवतो. सांगतो की याला दवाखान्यात नेतोय, साधारण अमुक दिवसांनी इथेच आणून सोडणार, तुमच्या काही अडचणी असतील तर आत्ता सांगा. बहुतेक वेळा अडचण निघतेच. ती तिथेच ऐकून घेतलेली परवडते.

शेल्टरला माझा विरोध नाही. पण ते कुणाला जमतं हे परिस्थितीवर आहे. करवीर किंवा पन्हाळा तालुक्यात स्वतःची जागा असेल, तिथे रात्रंदिवस राहणारं माणूस असेल, हाकेच्या अंतरावर डॉक्टर असतील आणि दोन-तीन वर्षं पगाराशिवाय घर चालत असेल तर गोष्ट वेगळी. यातलं एक जरी नसेल तरी हिशोब कोलमडतो. तीस कुत्री धरा, एकाला दिवसाला तीस रुपयांत भात-चिकन धरा, तरी महिन्याला २७,००० झाले. यात औषध, लाइट, पाणी, कामगार, भाडं काहीच धरलेलं नाही. आणि संख्या तीसवर थांबत नाही. शेल्टर निघालं ही बातमी पसरली की पहाटे गेटवर पिल्लांचं खोकं ठेवलेलं असतं. त्या खोक्यात एक पिल्लू पार्व्होचं (पिल्लांच्या जीवघेण्या हगवणीचा रोग) असलं की झालं. पार्व्होचा विषाणू जमिनीत महिनोन्‌महिने टिकतो, साध्या धुण्याने जात नाही. डिस्टेंपर हा कुत्र्यांचा दुसरा रोग तर खोकल्या-शिंकांतून पसरतो. रस्त्यावर विखुरलेली कुत्री जितकी वाचतात तितकी एका पत्र्याच्या शेडमध्ये कोंबलेली वाचत नाहीत, विशेषतः आपल्याकडच्या पावसाळ्यात, जेव्हा चार-चार दिवस जमीन वाळतच नाही. शेल्टर खरं कुणासाठी? मणका मोडलेला, आंधळा, तीन पायांचा, मालकाने टाकून दिलेला लॅब्रेडॉर, ज्याला रस्त्यावर जगताच येत नाही. तुमची आठ तशी नाहीत.

तर काका.

आधी त्यांचं ऐका, आणि नेमकं काय ते काढून घ्या. ‘कुत्री नकोत’ ही तक्रार नव्हे, तो राग झाला. त्याखाली काहीतरी ठोस असतं: दारात घाण होते, रात्री भुंकतात, गाडीच्या सीटवर ओरखडे, नातवाच्या मागे धावलं. प्रत्येकाचा उपाय वेगळा. शिवाजी पेठेतल्या एका गल्लीत एक आजी काठी घेऊन बसायच्या. सगळे म्हणायचे, म्हातारी खडूस आहे. बोलल्यावर कळलं की खायला घालणारी मुलगी रात्री अकराला त्यांच्या पायरीशेजारी पत्रावळी ठेवायची. त्यावरून कुत्र्यांची भांडणं व्हायची, सकाळी पायरीवर मुंग्या आणि भाताची शितं. आजींचं गुडघ्याचं दुखणं, खाली वाकून पुसायचं कुणी? खाण्याची जागा रोज थोडी थोडी सरकवत आम्ही तालमीच्या मागच्या पाण्याच्या टाकीपाशी नेली. वेळ साडेआठची केली. पंधरा मिनिटांत भांडी उचलायची, जागा धुवायची. काठी राहिली, पण ती आता आजींच्या चालण्याच्या कामाची.

तालमीचं नाव आलं म्हणून सांगतो. कोल्हापुरात हे काम करायचं तर तालीम मंडळाच्या पोरांना बाजूला घ्या. गणपती त्यांचा, फुटबॉलची टीम त्यांची, गल्लीत रात्री जागं कोण असतं तर तीच. त्यांनी कुत्र्याला नाव ठेवलं की तो कुत्रा त्यांचा झाला. वाघ्या म्हणा, राणी म्हणा, काही का असेना. नाव असलेल्या कुत्र्याला विष घालायची सहसा कुणाची टाप होत नाही, कारण दुसऱ्या दिवशी दारात चौकशीला दहा जण येतात. तुम्ही एकट्या बाई माणूस रात्री पिशवी घेऊन फिरताय, काकांना समोर फक्त तुम्हीच दिसताय. तिथे चार जण उभे राहिले की बोलण्याचा सूर आपोआप खाली येतो.

कायदा शेवटी काढायचा, पण माहीत असावा. प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणारा कायदा १९६० चा आहे. त्याच्या कलम ११ मध्ये पहिल्या गुन्ह्याला दंड १० ते ५० रुपये. आज ५० रुपयांत धड मिसळ येत नाही. म्हणून नुसतं हे कलम सांगितलं की समोरचा हसतो. विष घालून मारणं, अपंग करणं यासाठी भारतीय न्याय संहितेचं कलम ३२५ आहे, त्यात पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. पोलीस ठाण्यात जाताना हे कलम लिहून न्या. धमकी कधी दिली, कुणासमोर दिली हे तारखेसह अर्जात लिहा आणि पोच घ्या. पण खरं सांगू? अर्ज दिल्यावरही तुम्हाला त्याच जिन्यातून त्याच काकांसमोरून जायचंय. मी तरी अर्ज लिहून खिशात ठेवतो आणि चहाला जातो.

खाण्याच्या जागेबद्दल प्राणी जन्म नियंत्रण नियम, २०२३ मधला नियम २० वाचा. तो तुमच्या बाजूने जितका आहे तितकाच काकांच्याही. जिना, इमारतीचं दार, मुलांची खेळायची जागा इथे खायला घालायचं नाही. मुलांच्या आणि वयस्करांच्या वर्दळीची वेळ टाळायची. घाण करायची नाही. हे पाळून मग हक्काने बोला. सर्वोच्च न्यायालयाने २२ ऑगस्ट २०२५ च्या आदेशात खायला घालण्यासाठी ठरवून दिलेल्या जागा असाव्यात आणि नसबंदी-लसीकरण झालेली कुत्री मूळ जागी परत सोडावीत असं म्हटलं. रेबीजची किंवा रेबीजचा संशय असलेली आणि आक्रमक कुत्री त्यातून वगळली. पुढे ७ नोव्हेंबर २०२५ ला शाळा-कॉलेज, दवाखाने, बसस्थानकं, रेल्वे स्टेशन अशा आवारांतली कुत्री हलवावीत आणि पुन्हा तिथे सोडू नयेत असा आदेश झाला. म्हणजे सीपीआर या सरकारी दवाखान्याच्या आवारात किंवा सीबीएस बसस्थानकावर खायला घालणाऱ्यांची गोष्ट तुमच्यापेक्षा वेगळी आहे. त्यांचे सल्ले तुम्हाला लागू पडणार नाहीत आणि तुमचे त्यांना. हा विषय कोर्टात हलता आहे, तेव्हा फॉरवर्ड आलेल्या मेसेजवर विसंबू नका.

आता ज्याने फरक पडतो ते: नसबंदी. कुत्री वर्षातून साधारण दोनदा माजावर येते, दोन महिन्यांत विते. दिवाळीनंतर गल्लोगल्ली पिल्लं दिसतात आणि जानेवारीत त्यातली बरीचशी गाड्यांखाली जातात. तुम्ही ज्यांना जगवताय त्यांची नसबंदी करत नसाल, तर पुढच्या हिवाळ्यातली ती पिल्लं तुमच्याच भातावर जन्मणार आहेत. हे बोललं की खायला घालणारे माझ्यावर चिडतात. चिडोत. आठांपैकी माद्या किती, नर किती, कुणाच्या कानाला खाच आहे (खाच म्हणजे शस्त्रक्रिया झालेली) ते एका वहीत लिहा, मोबाइलवर प्रत्येकाचा दोन्ही बाजूंनी फोटो काढा. महापालिकेला गल्लीच्या नावाने लेखी अर्ज करा, त्यावर रहिवाशांच्या सह्या घ्या आणि पहिली सही काकांची. चेष्टा करत नाही मी. कुत्री कमी व्हावीत हीच त्यांची मागणी आहे, आणि कायदेशीर मार्गाने ती पुरी करणारा हा एकच कागद आहे. मला स्वतःला या एका सहीने जितकी भांडणं मिटलेली दिसलीत तितकी कलमांनी मिटलेली दिसली नाहीत.

पिल्लांच्या आईला आत्ता पाठवू नका, पिल्लं दूध सोडेपर्यंत थांबा. सहा महिन्यांच्या आतल्या पिल्लांची शस्त्रक्रिया महापालिकेच्या नसबंदी मोहिमेत होत नाही. तोवर त्यांना घरं शोधता आली तर उत्तम, पण घर बघून द्या. ‘फार्महाउसला राखणीला हवंय’ म्हणणारा बहुतेक वेळा साखळीला बांधून विसरणारा निघतो. दत्तक देताना नसबंदी करायचं लिहून घ्या आणि महिन्याने न सांगता जाऊन या. आणि पिल्लांना म्हशीचं दाट दूध नको. आपल्याकडे गंगावेशीत धारोष्ण मिळतं म्हणून लोक कौतुकाने पाजतात, पिल्लाला हगवण लागते आणि ते दोन दिवसांत सुकतं. पिल्लू गार पडलं असेल तर आधी ऊब, मग खाणं. पाजताना पोटावर ठेवून पाजा, बाळासारखं उताणं धरलं तर दूध फुप्फुसात जातं.

तुम्ही स्वतः रेबीजची प्रतिबंधक लस आधीच घेऊन ठेवा. रोज कुत्र्यांत वावरणाऱ्याने ती घ्यायचीच. तरीही चावा किंवा ओरखडा झाला तर साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवायचं, घड्याळ लावून. मिरची, हळद, चुना काही लावायचं नाही. मग थेट सीपीआरला. ‘आपलंच कुत्रं आहे, काही होत नाही’ हे म्हणणाऱ्या प्राणीमित्रांचा मला सगळ्यात जास्त राग येतो. रेबीजची लक्षणं दिसल्यावर वाचवता येत नाही.

पैशाचं एकच सांगतो. रक्ताळलेला फोटो आणि खाली स्वतःचा क्यूआर कोड असलं काही टाकू नका. बिल दवाखान्याच्या नावाचं टाका, लोकांना तिथे भरू द्या. पुढे काम वाढलं तर धर्मादाय आयुक्तांकडे रीतसर नोंदणी करा.

तुम्ही शेवटी लिहिलंय, ‘कोल्हापुरात लोकांना प्राण्यांची पर्वाच नाही.’ हे मला पटत नाही. दिवाळी पाडव्याला पंचगंगा घाटावर, सागरमाळावर जाऊन बघा. गवळी म्हशींची शिंगं रंगवतात, मोरपिसं लावतात, हाक मारली की म्हैस गर्दीतून मालकाच्या मोटरसायकलमागे पळत येते. जनावरावर जीव लावणारं हे गाव आहे. फक्त तो जीव आपल्या जनावरावर असतो, आणि रस्त्यावरचं कुत्रं कुणाचंच नसतं. कोल्हापूर जिल्ह्यातल्या नांदणीच्या जैन मठाच्या माधुरी हत्तिणीच्या वेळीही हेच दिसलं. जुलै २०२५ मध्ये न्यायालयाच्या आदेशाने तिला जामनगरला वनतारा या प्राणी केंद्रात नेलं आणि ३ ऑगस्टला नांदणीपासून कोल्हापुरापर्यंत हजारो लोक चालत आले. तिच्या प्रकृतीबद्दल उच्चाधिकार समितीने नोंदवलेले मुद्दे मी गंभीरच मानतो. हत्तीण एकटी, कळपाशिवाय राहणं मला कधीच योग्य वाटलेलं नाही. पण ती आमची आहे म्हणून रडणाऱ्या बायकांना ‘तुम्ही क्रूर’ म्हणणाऱ्यांनी या भागातल्या आम्हा सगळ्यांचं काम अवघड करून ठेवलं. पुढे कितीतरी दिवस साधं कुत्रं उचलायला गेलं तरी लोक विचारायचे, ‘तुम्ही पेटावाले काय?’ पेटा म्हणजे हत्तिणीची तक्रार करणारी प्राणिहक्क संघटना. तेव्हा काकांशी बोलताना ‘हक्क’ हा शब्द जरा मागेच ठेवा. ‘आपल्या गल्लीतली’ म्हणा, ते चालतं.

साप निघाला, गवा शिरला, तर मात्र तिथे तुमचं-माझं काम नाही. वन विभागाचा १९२६ नंबर लावायचा आणि बघ्यांना लांब ठेवायचं. डिसेंबर २०२० मध्ये पुण्यात कोथरूडला शिरलेला गवा माणसांच्या धावपळीतच गेला, ते सगळ्यांनी टीव्हीवर पाहिलंय.

नोकरी सोडू नका असं मी म्हणतोय त्याला आणखी एक कारण आहे, पुराचं. पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्यावर ३९ फूट म्हणजे इशारा, ४३ फूट म्हणजे धोका. २०१९ मध्ये पाणी ५५ फुटांच्या वर गेलं. त्या वेळी आणि २०२१ लाही सगळ्यात वाईट हाल झाले ते दाव्याला आणि साखळीला बांधून मागे राहिलेल्या जनावरांचे. सुटं जनावर उंचवटा शोधतं, पोहतं, बांधलेलं जागेवर मरतं. म्हणून पाणी ३९ ला टेकायच्या आधीच आम्ही प्रयाग चिखली, आंबेवाडी या नदीकाठच्या गावांतल्या ओळखीच्या घरांना फोन लावायला बसतो: म्हशी वर काढा, ते जमत नसेल तर निदान दावी सोडा, कुत्र्याची साखळी काढा. याला होडी लागत नाही आणि शेल्टरही लागत नाही. ज्यांचा महिन्याचा पगार चालू आहे, फोन चार्ज आहे आणि ज्यांना त्या गावातली चार घरं नावानिशी माहीत आहेत, अशी माणसं लागतात. जूनच्या आत तुमच्या ऑफिसमधल्या चिखलीकडच्या लोकांचे नंबर घेऊन ठेवा.